आधी चपला, मग टाच

नाशिकमध्ये माणूस कुठेही गेला तरी चपला दाराबाहेर काढतो आणि त्यांना विसरून जातो. देवळात विसरतो, लग्नात विसरतो, सोसायटीच्या मीटिंगहून तर दुसऱ्याच्याच घालून येतो. स्वतःच्या चपला हातात धरून, चारचौघांत, तासभर बाकावर बसावं लागतं असं ठिकाण या शहरात एकच आहे. ते म्हणजे डॉ. प्रमिला देवरे यांचा दवाखाना. माझी ही तक्रार जुनी आहे. अकरा वर्षांपूर्वी मी ती आधी तोंडी मांडली, मग छापून आणली. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण गौरवग्रंथाच्या समितीचं पत्र आलं, "बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त दोन शब्द लिहा, शक्यतो बरे लिहा", तेव्हा मनात पहिल्यांदा आली ती तक्रारच.

चपला हातात आल्या की माणसाच्या चेहऱ्यावरचा अधिकार उतरतो. त्या पहिल्या दिवशी माझ्या शेजारी लासलगावचे एक कांदाव्यापारी बसले होते. लिलावात ज्यांच्या एका बोटावर ट्रॅक्टर थांबतात असे गृहस्थ. पण मांडीवर बूट घेतल्यावर ते बूट चोरीला गेल्याची फिर्याद द्यायला आल्यासारखे दिसत होते. पलीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चपला पदराखाली झाकल्या होत्या. आम्ही तिघेही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

माझी टाच तेव्हा दोन महिने दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खालून कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ यायची. दहा-पंधरा पावलांनंतर ती मावळायची आणि संध्याकाळी पुन्हा हजर व्हायची. या काळात माझ्या टाचेवर सगळ्यांची मतं घेऊन झाली होती. मेव्हणे म्हणाले, युरिक ॲसिड. शेजारी म्हणाले, कॅल्शियम. सासऱ्यांनी वीट तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून, त्यावर माझी टाच दाबून धरली, आणि मी ओरडलो तेव्हा "गुण येतोय" म्हणाले. पत्नीने फक्त माझ्या पोटाकडे पाहिलं. शेवटी मीच एक्स-रे काढून आणला. त्यात टाचेच्या हाडाला पुढे आलेला बारीक काटा स्वच्छ दिसत होता. हाड वाढलं होतं. आजाराला पुरावा मिळाला की माणसाला किती समाधान वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. तो एक्स-रे मी बाईंसमोर पदवीचं प्रमाणपत्र धरावं तसा धरला.

बाईंनी तो घेतला आणि टेबलाच्या कडेला उपडा ठेवला.

"चपला द्या," त्या म्हणाल्या.

"टाच माझी दुखतेय, बाई."

"हो. पण तुम्ही बोलताना वाढवून सांगाल. चपला वाढवून सांगत नाहीत."

त्यांनी माझ्या चपला दिव्याखाली धरल्या. तळ पाहिला, कड पाहिली, टाचेच्या जागी अंगठ्याने दाबून पाहिलं. टाचेखालचं रबर पापडाइतकं उरलं होतं आणि आतली कड झिजून तिरपी झाली होती. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. नेमकं कुठे दुखतं, नेमकं कधी दुखतं, आणि दुखायला लागण्याआधीच्या महिन्यात काय नवीन केलं. तिसऱ्या प्रश्नाला मी म्हणालो, काही नाही. त्यांनी चपलांचे तळ माझ्यासमोर धरले. तेव्हा मला आठवलं की आठवडाभर खुर्चीत बसून, त्याचं प्रायश्चित्त म्हणून दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला मी नुकतीच सुरुवात केली होती. याच चपलांवर.

मग त्यांनी टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, जरा पुढे अंगठा रोवला. "आठे दुखस का?" बाईंचं माहेर सटाण्याकडचं. एरवी त्या तुमच्याआमच्यासारखंच बोलतात, पण बोट नेमक्या जागी पडलं की त्यांची अहिराणी आपोआप बाहेर येते. त्यांना आजार सापडला की नाही हे पेशंटला त्यावरूनच समजतं. मला फार दुखलं.

"तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो," त्या म्हणाल्या. "रात्रभर तो आखडून राहतो. सकाळी तुम्ही एकदम उभे राहता आणि तो टाचेपाशी ओढला जातो. चार पावलं चाललात की सैल पडतो. टाचदुखीचे निम्म्याहून जास्त लोक माझ्याकडे याच पट्ट्यासाठी येतात."

"आणि हा काटा?" मी एक्स-रे सरळ करून दाखवला.

"ज्यांची टाच कधी दुखलेली नाही अशा लोकांचे फोटो काढा. त्यातही बऱ्याच जणांना हा सापडेल. तो बिचारा तिथे नुसता उभा होता."

मला ना टाचेला बांधायचा पट्टा मिळाला, ना इंजेक्शन, ना लांबलचक नाव असलेली गोळी. मिळालं ते एवढंच: सकाळी उतरण्याआधी टॉवेल पायाच्या बोटांत अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं, पोटरी ताणायची, चपला बदलायच्या, आणि पांडवलेणीला काही दिवस लांबूनच नमस्कार करायचा. बाहेर येऊन मी बाकावर रेंगाळलो आणि व्यापाऱ्यांचं नि मुख्याध्यापिकांचं काय झालं तेही कळलं, कारण दवाखान्याचं दार नीट लागत नाही. व्यापाऱ्यांची टाच मागून दुखत होती. मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या कडक बुटांनी पोटरीची जाड दोरी जिथे टाचेला येऊन मिळते तिथेच घासून घासून सूज आणली होती. मुख्याध्यापिकांना नातीने पावलं मोजणारं घड्याळ दिलं होतं आणि त्यांनी एका आठवड्यात हजार पावलांवरून दहा हजारांवर उडी मारली होती. बाईंनी त्यांची टाच दोन्ही बाजूंनी तळहातात दाबली आणि त्या कळवळल्या. हाडाला बारीक चीर असण्याची शंका होती. "घड्याळ नातीला परत द्या," बाई म्हणाल्या, "आणि महिनाभर पायांना सुट्टी द्या."

एका दुपारी, एका बाकावर तीन टाचा आणि तीन वेगळी कारणं. शहाण्या माणसाने यातून काही घेतलं असतं. मी घरी जाऊन सदर लिहिलं.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात दर रविवारी लोकांची टिंगल करत असे. त्या रविवारच्या लेखात एक डॉक्टरबाई होत्या. नाव दिलं नव्हतं. त्या हात बघत नसत, पत्रिका बघत नसत, चपला बघून भविष्य सांगत. झिजलेल्या टाचेवरून साडेसाती ओळखत, तुटलेल्या अंगठ्यावरून विवाहयोग. लेख गाजला. शहरात चपला बघणाऱ्या डॉक्टर एकच असल्यामुळे नाव न देण्याचा उपयोगही झाला नाही. लोक मला रस्त्यात थांबवून स्वतःची चप्पल दाखवत आणि हसत. मीही हसत असे. लंगडत.

तीन महिन्यांनी मी पुन्हा बाईंच्या दारात उभा होतो, कारण मी टॉवेल एकदाही ओढला नव्हता. चपला हातात होत्या आणि आता त्या लपवाव्याशा वाटत होत्या. बाई काही बोलतील, निदान टोमणा मारतील, अशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी चपला पाहिल्या आणि म्हणाल्या, "लेख वाचला. चांगला जमलाय. त्यात एक चूक आहे."

"कोणती?"

"तुम्ही लिहिलंय की तुमच्या चपलेची बाहेरची कड झिजली होती. आतली झिजली होती. दोन्हींचा अर्थ वेगळा होतो. दुरुस्ती छापा."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. आपल्याला ज्योतिषी ठरवल्याचं त्यांना दुःख नव्हतं. कड चुकल्याचं होतं.

मग त्या म्हणाल्या, "आणि दुसरं असं, की तुमच्या लेखाने माझी एक पेशंट नेली. मखमलाबादच्या हिराबाई. त्यांचं कोडं माझ्याकडे अर्धं पडून आहे."

हिराबाई झेंडू आणि शेवंती पिकवत आणि पहाटे फूलबाजारात स्वतः उभं राहून विकत. टाचेच्या अगदी मधोमध दुखतं म्हणून आल्या होत्या. बाईंनी चपला घेतल्या तर तळ जवळजवळ कोरा. बाईंना वाटलं, डॉक्टरकडे जायचं म्हणून नव्या घालून आल्या असणार. असं पुष्कळ लोक करतात, ठेवणीतल्या घालतात, आणि मग चपला मुक्या होतात. म्हणून त्या म्हणाल्या, रोजच्या घेऊन या. हिराबाई म्हणाल्या, याच रोजच्या, दोन वर्षं झाली. दोन वर्षं रोज वापरलेली चप्पल कोरी राहते कशी? बाईंनी त्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलं. मधल्या रविवारी माझा लेख आला. हिराबाई आल्याच नाहीत. दवाखान्यातून फोन गेला तेव्हा अंबडच्या कारखान्यात काम करणारे त्यांचे जावई बोलले. "त्या पेपरातल्या चपलावाल्या बाई का? सासूबाईंना मी सगळा लेख मोठ्याने वाचून दाखवला. आम्हाला नको."

"रविवारी मी त्यांच्याकडे जाते आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हीही चला. चपला तुम्हाला थोड्याफार कळायला लागल्यात."

न बोलावता पेशंटच्या घरी जाणारे डॉक्टर मी पाहिले नव्हते. ज्याने आपली टिंगल केली त्याच्याच स्कूटरवर मागे बसून जाणारे तर नाहीच.

मखमलाबादला हिराबाई अंगणात बसून हार ओवत होत्या. साठीच्या आसपासच्या, काटक बाई. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि टाच टेकताच तोंड वाकडं झालं. बाईंनी माझी ओळख "हे माझ्यासोबत आलेत" एवढीच करून दिली. मी खाली बघत राहिलो, त्यामुळेच मला ते आधी दिसलं. चपला अंगणाच्या पार बाहेर, फाटकापाशी काढलेल्या होत्या.

"अंगणातसुद्धा अनवाणी?" बाईंनी विचारलं.

"फुलं हायेत ना समोर," हिराबाई म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "देवाची फुलं. चपला घालून हात कसा लावायचा?"

"वावरात?"

"वावरात तर नायच."

"आणि बाजारात?"

"तिथं हार असत्यात. चपला रिक्षातून उतरलं की पिशवीत."

बाई माझ्याकडे वळल्या. एखाद्या विद्यार्थिनीला गणित सुटावं तसा चेहरा झाला होता. दोन वर्षं त्या चपला घरापासून रिक्षापर्यंत चालल्या होत्या. बाकी सगळं आयुष्य, रोज पहाटेपासून दुपारपर्यंत, हिराबाई बाजारातल्या सिमेंटवर अनवाणी उभ्या होत्या.

बाई जमिनीवर बसल्या. पंचाहत्तरीच्या ग्रंथात हे नोंदवायला हवं, की तेव्हा चौसष्ट वर्षांच्या असलेल्या डॉक्टर शेणाने सारवलेल्या अंगणात फतकल मारून बसल्या आणि पेशंटचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं. टाचेच्या मधोमध अंगठा टेकवला. "आठे दुखस का?" हिराबाईंनी मान हलवली.

"टाचेखाली चरबीची एक गादी असते," बाई म्हणाल्या. "वयाप्रमाणे ती पातळ होते. तुमची फार लवकर झालीय. हाड थेट जमिनीशी बोलतंय."

"जावई म्हन्त्यात इंजेक्शन घ्या. येकदाच दुखंल, सपलं."

"या गादीत सुई गेली तर ती आणखी पातळ होऊ शकते. हिला सुई नको, गादी हवी. जाड, मऊ तळाच्या चपला घालून उभं राहायचं."

"ते नाय व्हायचं, बाई."

"का?"

"फुलं हायेत म्हनलं ना." आवाज चढला नाही, पण विषय संपला. मग त्याच म्हणाल्या, "दोन महिने झालं मी बाजारात नाय. सासूपासूनची जागा हाय ती, कोपऱ्याची. शेजारीण रोज येक येक पाटी हिकडं सरकवती. आनखी महिनाभर नाय गेले तर माझी जागाच ऱ्हायची नाय. जागा गेली की फुलं कुनाच्या दारात नेऊन वतू?"

एवढं सगळं एका जागेवर अडलं होतं. माझ्यासारखा कुणी असता तर त्याने इथे श्रद्धेवर एक परिच्छेद झाडला असता. मी तोंड उघडलंही होतं. बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. त्या गोठ्याकडे बघत होत्या. गोठ्यात एक गाय उभी होती आणि तिच्या पायाखाली जाड, काळी रबरी चटई होती. हल्ली गोठ्यात घालतात तशी.

"गाईला गादी आणि तुम्ही सिमेंटवर?" बाई म्हणाल्या.

"गाय दूध देती, बाई."

बाई इतक्या मोकळ्या हसल्या की गाईने मान वर केली. "चप्पल चालत नाही, मान्य. आसन चालतं का? देवाच्या कामाला आपण आसनावर बसतोच ना. तुम्ही आसनावर उभ्या राहा. अशी चटई घ्या, नवीकोरी."

हिराबाईंनी गोठ्यातल्या चटईकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "रबर ना ते?"

"रबर आहे, पण मूळचं गाईचं."

"मग बाटत नाय," हिराबाई म्हणाल्या आणि पुन्हा हार ओवायला बसल्या.

चटई आणायचं काम माझ्याकडे आलं. ती वळकटी स्कूटरवर आडवी घालून मी द्वारकेच्या चौकातून आणली तेव्हा चारही बाजूंच्या गाड्यांनी मला जे ऐकवलं त्यात माझं वर्षभराचं सदर होतं. सोमवारी पहाटे फूलबाजारात मी ती अंथरली. हिराबाईंनी चपला पिशवीत टाकल्या, चटईला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि तिच्यावर उभ्या राहिल्या. शेजारणीने तोवर निम्मा कोपरा व्यापला होता. तिने चटईकडे पाहिलं, हिराबाईंच्या पायांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोन?"

"दवाखान्यातलं हायेत," हिराबाईंनी सांगितलं. "आता तुझ्या पाट्या घे तिकडं. माझं आसन मावंना."

पाट्या गेल्या. टाच मात्र त्या दिवशी बरी झाली नाही. बरी झाली असं लिहिलं की लेख गोड होईल, पण बाई हे वाचणार आहेत. बाईंनी काही महिने दर पंधरवड्याला टाचेभोवती चिकटपट्टी बांधून दिली, मधून मधून स्टुलावर बसायला लावलं. कमी व्हायला पाऊणएक वर्ष गेलं आणि थंडीत अजूनही जरा दुखतं. जागा मात्र आजही हिराबाईंचीच आहे. चटई तिसरी आहे.

माझी टाच चार महिन्यांत दुखायची थांबली, टॉवेलामुळे. त्यानंतरही मी दवाखान्यात जात राहिलो, कारण तिथल्यासारखं कुतूहल मला दुसरीकडे सापडलं नाही. टाचेत जळजळ आणि मुंग्या असतील तर बाई घोट्याच्या आतली शीर तपासतात. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही तासभर आखडलेली असते असं कुणी तरुण सांगू लागला की त्या चपला खाली ठेवतात, त्याला नीट बसवून घेतात आणि संधिवाताच्या तपासण्यांना पाठवतात. खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या आईला सांगतात की हिचं हाड अजून वाढतंय, खेळ बंद करू नका, थोडा कमी करा. "टाच दुखते" हे दोन शब्द घेऊन माणूस येतो आणि बाई त्याला विचारतात, कुठे, कधी, कशावर उभं राहून. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं त्या हेच विचारत आहेत आणि उत्तर आधीच माहीत असल्यासारखा चेहरा मी त्यांचा एकदाही पाहिलेला नाही. स्वतःची चूकही त्या तशीच सांगतात. नव्या विद्यार्थ्यांना हिराबाईंची गोष्ट सांगताना त्यांची सुरुवात ठरलेली: "मला वाटलं होतं चपला नव्या आहेत."

त्या गोष्टीत एक माणूस नेहमी गाळलेला असतो. लेख कुणी लिहिला ते त्या सांगत नाहीत. अकरा वर्षांत हिराबाईंनाही सांगितलेलं नाही. हिराबाईंच्या लेखी मी अजून दवाखान्यातलाच आहे. दसऱ्याला त्या मला फुलं देतात, चांगली निवडून. ती घरी नेताना मला जे वाटतं त्यावर मी सदर लिहिलेलं नाही. बाईंनी माझ्याकडे मागितलं ते एकच, आणि ते दर भेटीत मागितलं: "दुरुस्ती कधी छापताय?" मी म्हणायचो, जागा नाही, मग म्हणायचो, संपादक बदलले, मग ते सदरच बंद झालं. खरं कारण एवढंच की टिंगल करणाऱ्याला दुरुस्ती छापायची सवय नसते.

डॉ. प्रमिलाताई देवरे आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. त्यांच्या तळव्यांखालची गादी जाड राहो, सकाळचं पहिलं पाऊल विनातक्रार पडो, आणि आम्ही आणखी पुष्कळ वर्षं त्यांच्या बाकावर आपापल्या चपला हातात घेऊन बसावं. माझी सुरुवातीची तक्रार मी मागे घेतो.

आता जागा आहे, म्हणून: अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या लेखात चपलेची बाहेरची कड झिजल्याचं छापलं होतं. ती आतली कड वाचावी. त्याच लेखात एका डॉक्टरांना ज्योतिषी म्हटलं होतं. त्या तपासत होत्या. तो लेख मी लिहिला होता, आणि नंतर चटई घेऊन आलेला माणूसही मीच.

ग्रंथाची एक प्रत मी मखमलाबादला पोहोचती करणार आहे. हिराबाईंच्या जावयांना विनंती, की वरचा परिच्छेद त्यांनी सासूबाईंना वाचून दाखवावा. मोठ्याने, त्या रविवारी वाचला होता तसा.